चेकच्या झेरॉक्सवर उमटणारा 'व्हॉइड' नेमका कोण?

झेरॉक्सकाका

नमस्कार मंडळी. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. परवा पीएफच्या कामासाठी एक गृहस्थ कॅन्सल केलेल्या चेकची झेरॉक्स काढायला आले. चेकवर दोन तिरप्या रेघा, मध्ये 'कॅन्सल्ड', नेहमीचंच. कॉपी बाहेर आली तर तिच्यावर करड्या, ढब्ब्या अक्षरांत व्ही-ओ-आय-डी, व्ही-ओ-आय-डी असं छापलेलं. मूळ चेक डोळ्याला लावून पाहिला तरी काही दिसेना. साहेब तापले. "काका, आधीच्या कुणाचं तरी छापलेलं अडकलंय तुमच्या मशीनमध्ये." दुसऱ्या मशीनवर काढून दिली, तीच गत. मग मशीनला, मला आणि एकूणच तालुक्याला दोन शब्द सुनावून पैसे न देता निघून गेले. पैशांचं सोडा हो, पण गिऱ्हाइकांसमोर बोलला माणूस.

काही बँकांच्या चेकवर 'कॉपी' असं उमटतं, ते मी पाहिलेलं आहे. ते निदान कळतं. पण व्हॉइड? मुलगा कॉम्प्युटरला आहे, तो म्हणाला, "फंक्शन काही परत देत नसेल तर व्हॉइड लिहायचं." हिच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'पोस्ट व्हॉइड' म्हणून एक आकडा आहे. करारनाम्याच्या कॉप्या तर दिवसभर काढतो, त्यात दर चार पानांनी 'नल अँड व्हॉइड'. कोशात पाहिलं तर 'पोकळी'. आता चेकची पोकळी, कराराची पोकळी आणि लघवीची पोकळी हे एकाच माळेत कसं ओवायचं? जाणकारांनी उजेड पाडावा.

निवृत्त रोखपाल

काका, मशीन ठणठणीत आहे तुमचं. या प्रकाराला व्हॉइड पँटोग्राफ म्हणतात. 2010 साली रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांच्या चेकसाठी एकच मानक ठरवलं, सीटीएस-2010. सीटीएस म्हणजे चेक ट्रंकेशन सिस्टिम. पूर्वी चेकचे गठ्ठे क्लिअरिंगला प्रत्यक्ष जायचे, आता त्याची फक्त प्रतिमा जाते. म्हणून कागद, शाई, रकान्यांच्या जागा सगळं सारखं करावं लागलं, आणि नकली चेक रोखायला काही खुणा घातल्या. उजेडात धरलात तर 'सीटीएस-इंडिया' असा वॉटरमार्क दिसेल. अतिनील दिव्याखाली बँकेचं बोधचिन्ह चमकतं. तिसरी खूण ही तुमची. कॉपी काढली की 'कॉपी' किंवा 'व्हॉइड' उमटलं पाहिजे, दोन्हींपैकी काहीही चालतं.

गंमत ठिपक्यांची आहे. चेकची फिकट पार्श्वभूमी म्हणजे सगळे ठिपके. अक्षरांच्या जागी ते मोठे पण विरळ, बाकी ठिकाणी बारीक पण दाट. शाई दोन्हीकडे जवळपास तेवढीच, म्हणून डोळ्याला एकसारखा रंग दिसतो. झेरॉक्स मशीनला बारीक ठिपके पकडता येत नाहीत, ते गळून जातात. मोठे राहतात आणि अक्षरं वर येतात. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग मिळालं तर पाहा, ठिपके वेगळे दिसतील.

आणि हो, कॉपीवर व्हॉइड उमटलं म्हणून मूळ चेक बाद होत नाही. एक नमुना काउंटरवर चिकटवून ठेवा, पुढच्या गिऱ्हाइकाशी वाद नको. शब्दाच्या उगमाबद्दल माझा पास.

प्रूफवाली

काका, तुम्ही कोशात 'पोकळी' पाहिलीत आणि तिथेच गाडी अडली. या शब्दाच्या घरात 'पोकळी' ही उशिरा आलेली सून आहे. थोरली माणसं वेगळीच.

माझी नोकरी कायद्याच्या पुस्तकांची प्रुफं तपासण्यात गेली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. त्यामुळे 'व्हॉइड' हा शब्द माझ्या इतक्या वेळा नजरेखालून गेलाय की त्याची कुंडली काढल्याशिवाय राहवलं नाही. थोडक्यात लिहिणार नाही, आधीच सांगते.

लॅटिनमध्ये 'वाकारे' असं क्रियापद आहे. रिकामं असणं, मोकळं असणं, कामातून सुटका असणं. त्यावरून 'वाकुउस', म्हणजे रिकामा. या घराण्यातली मुलंबाळं तुम्ही रोज पाहता: नोकरीची व्हेकन्सी, घर व्हेकेट करायची नोटीस, पूर आला की इव्हॅक्युएट केलेली गावं, शाळेचं व्हेकेशन, व्हॅक्यूम क्लीनर. ही सगळी सरळ लॅटिनच्या पुस्तकी रूपातून आली, म्हणून त्यांचा चेहरा सारखा आहे. 'व्हॉइड' मात्र बोलीतून आला. बाजारातल्या, शिपायांच्या तोंडच्या लॅटिनमध्ये 'व्होकितुस' असं एक रूप असणार, असं अभ्यासक मानतात. ते कुठे लिहिलेलं सापडत नाही, पुढच्या भाषांवरून मागे जाऊन बसवलेलं आहे. त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये 'व्हुइद', 'व्हॉइद' झालं. नॉर्मन लोक इंग्लंडचे धनी झाले, कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच झाली आणि 1300च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत दिसू लागला. आजच्या फ्रेंचमध्ये रिकाम्याला 'व्हीद' म्हणतात, तो याचाच भाऊ.

आता मुद्दा. इंग्रजीत आला तेव्हा व्हॉइड म्हणजे ब्रह्मांडातली पोकळी वगैरे नव्हती. ते विशेषण होतं, 'जिथे कुणी नाही' अशा अर्थाचं: रिकामी जागा, बिशपचं रिकामं झालेलं पद. आणि ते क्रियापद होतं: जागा खाली करा, सामान हलवा, निघा. मध्ययुगात दरबारी जेवण आटोपून मंडळी उठायच्या बेतात असली की मसाल्याचे गोड पदार्थ आणि वाइन फिरायची. त्या फेरीलाच 'व्हॉइड' किंवा 'व्हॉइडी' म्हणत, कारण यानंतर दालन रिकामं व्हायचं. आपल्याकडे पानसुपारीचं तबक आलं की पाहुण्यांनी चपला शोधायच्या, त्यातलाच प्रकार.

हे क्रियापद पकडलंत की तुमची माळ आपोआप ओवली जाते. मूत्राशय रिकामं करणं, ते व्हॉइड. कराराचा दम काढून घेणं, ते व्हॉइड. करार असतो, कागद असतो, सह्या असतात, फक्त आत जोर उरलेला नसतो. कायद्यातला हा अर्थ पंधराव्या शतकापासूनचा. तुमच्या झेरॉक्सवरचा व्हॉइड याच जातीचा. हा कागद चेकसारखा दिसतो, पण याच्यात जीव नाही, एवढंच तो ओरडून सांगतोय. अवकाशातली, मनातली, कवितेतली पोकळी हा नामाचा अर्थ नंतर रुळला, आणि धाकट्याने घर बळकावावं तसा आता कोशात पहिल्या नंबरावर बसला.

याची बहीण 'अव्हॉइड'. जुन्या फ्रेंचमधलं 'एस्व्हुइदिए', म्हणजे बाहेर काढून रिकामं करणं. इंग्रजीत आधी रिकामं करणं, मग जागा सोडून जाणं, मग एखाद्या माणसापासून लांब राहणं, असं करत करत 'टाळणं' झालं. 'डिव्हॉइड' हेही एका मेलेल्या क्रियापदाचं उरलेलं रूप.

अवांतर, पण राहवत नाही. आपल्या 'उणे', 'उणीव', 'एकोणीस' या शब्दांत संस्कृतातला 'ऊन' आहे. ऊन म्हणजे कमी. एकोणीस म्हणजे एकाने कमी वीस. चंद्राच्या कलेला लागतो तो इंग्रजी 'वेन' आणि गरजेचा 'वाँट' हे या 'ऊन'चे दूरचे चुलत आहेत. 'वाकारे'लाही अनेक कोशकार त्याच मुळाशी नेऊन बांधतात. तेव्हा पुढच्या वेळी एकोणीस रुपये सुटे मागाल तेव्हा व्हॉइडचं नातं आठवा.

बोरकूट

प्रूफवालीताई, मी कुठेतरी वाचलं होतं की व्हॉइड हा 'विडो'वरून आला. नवऱ्याविना रिकामी, म्हणून. लॅटिनमध्ये 'विदुआ' म्हणजे विधवा. आणि 'विदुआ' आपल्या 'विधवा'चीच बहीण ना?

प्रूफवाली

बोरकूट, बहीण खरीच. विधवा, विदुआ, विडो तिन्ही एका आईच्या. पण व्हॉइड त्या घरातला नाही. एकोणिसाव्या शतकातल्या कोशांत ती व्युत्पत्ती दिलेली असायची, चांगल्या चांगल्या लोकांनी दिली होती. पुढे जुन्या फ्रेंचमधली रूपं नीट तपासली तेव्हा 'विदुउस'पासून ते स्वर निघेनात. 'व्होकितुस'पासून निघतात.

विधवेवरून आठवलं. आपल्याकडे शाळेत 'वि' म्हणजे गेलेला आणि 'धव' म्हणजे नवरा, अशी फोड शिकवतात. वास्तविक उलटं झालंय. 'विधवा' हा शब्द फार जुना, त्याचं मूळ 'वेगळं पडणं' या अर्थाचं. लोकांनी तो मधेच तोडला आणि उरलेल्या तुकड्याला 'नवरा' हा अर्थ चिकटवला. 'धव' असा जन्मला, आणि त्याच्यावरून मग 'सधवा'. कुणाला पटत नसेल तर वेगळा धागा काढा, इथे काकांचा चेक आहे.

तालुका कोर्ट

वकील आहे, म्हणून एक जोड देतो. प्रूफवालीताईंनी 'दम काढून घेतलेला' म्हटलं ते छानच, पण आमच्याकडे दोन वेगळी जनावरं आहेत. एक व्हॉइड, दुसरं व्हॉइडेबल. पहिल्यात मुळातच दम नाही. दुसऱ्यात दम आहे, पण फसवल्या गेलेल्या पक्षाने ठरवलं तर तो काढून घेता येतो. त्याने नाही ठरवलं तर करार खुशाल चालतो. 1872च्या करार कायद्यात कलम 2 मध्येच दोन्हींच्या व्याख्या आहेत. 1955च्या हिंदू विवाह कायद्यातही कलम 11 शून्य विवाहाचं आणि 12 रद्द करता येणाऱ्या विवाहाचं.

हा फरक म्हणजे नुसता कीस काढणं नाही, याच्यावर लोक बुडालेत. आमच्या पहिल्या वर्षाला पाठ करून घेतात ती केस कलकत्त्याची. धर्मोदास घोष नावाच्या मुलाने 1895 साली आपली घरं ब्रह्मो दत्त या सावकाराकडे गहाण टाकली. वीस हजारांचं गहाणखत, व्याज बारा टक्के. मुलगा अज्ञान, म्हणजे कायद्याने वयात न आलेला होता. सावकाराच्या वतीने काम पाहणाऱ्या माणसाला ते कळवलेलंही होतं. मुलाने आईमार्फत दावा लावला, गहाणखत रद्द करा. दावा चालू असताना सावकार वारला आणि त्याच्या बाजूने मोहोरी बीबी पुढे लढल्या. अज्ञानाचा करार व्हॉइड की व्हॉइडेबल, यावर तोवर मतं फुटलेली होती. 1903 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या आपल्या शेवटच्या अपील कोर्टाने, निकाल दिला: व्हॉइड. नुसता रद्द करण्याजोगा नव्हे, पहिल्यापासून शून्य. त्याचा तडाखा कुठे बसला बघा. व्हॉइडेबल असता तर करार मोडणाऱ्याने घेतलेला फायदा परत करायचा, असं कलम 64 सांगतं. इथे प्रिव्ही कौन्सिल म्हणालं, करार करण्याची पात्रताच नसलेल्या माणसाला हे कलम लागूच नाही. घरं सुटली, सावकाराकडच्यांचे पैसे गेले. आजही अज्ञानाशी व्यवहार करताना आम्ही पक्षकाराला हेच सांगतो: त्याच्या सहीला किंमत नाही, आणि तुम्ही दिलेले पैसे परत मागायची वाटही जवळपास बंद.

'अव्हॉइड'बद्दलही ताई बरोबर. विम्याच्या कायद्याच्या भाषेत कंपनी पॉलिसी 'अव्हॉइड' करते, म्हणजे टाळत नाही, मोडीत काढते. 1963च्या सागरी विमा कायद्यात हा शब्द त्याच जुन्या अर्थाने ठेवलाय. नवीन मुलं त्याचं भाषांतर 'टाळू शकते' असं करून आणतात तेव्हा कपाळाला हात लावतो.

'नल अँड व्हॉइड'मध्ये दोन शब्द का, हेही कुणी विचारेल. 'नल' म्हणजे लॅटिन 'नुल्लुस', कोणताही नाही असा. एका शब्दाने भागत असताना दोन लिहायची वकिली खोड तिकडेही जुनीच आहे. आपलं 'रद्दबातल' तेच करतं.

जेली लावा

मी सोनोग्राफी सेंटरला आहे. काका, वहिनींच्या रिपोर्टातला आकडा असा येतो. आधी भरपूर पाणी प्यायला लावून मूत्राशय भरलेलं असताना मोजतो, ते प्री-व्हॉइड. मग लघवीला जाऊन या म्हणतो आणि परत मोजतो, ते पोस्ट व्हॉइड. स्क्रीनवर लांबी, रुंदी, उंची धरायची, तिघांचा गुणाकार, त्याला 0.52 ने गुणायचं, मिलिलिटर मिळतात. गोल-लांबट आकाराचं घनफळ तेवढं भरतं म्हणून 0.52. मशीन स्वतःच करतं, पण विचारणारे विचारतात. आकड्याचा अर्थ मात्र डॉक्टरांनाच विचारा, इथे नको.

पेशंटला आम्ही 'व्हॉइड करून या' कधीच म्हणत नाही. 'बाथरूमला जाऊन या' म्हणतो. एका आजोबांनी रिपोर्ट वाचून "म्हणजे माझं ब्लॅडर रद्द झालं का?" असं विचारलं होतं. आता प्रूफवालीताईंचा प्रतिसाद छापून ठेवते.

सेमीकोलन

मुलाने सांगितलं ते अर्धं बरोबर. फंक्शन काम करतं, फक्त हातात काही देत नाही, म्हणून व्हॉइड. पण मजा अशी की सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हा शब्द सुरुवातीला नव्हताच. 1978च्या कर्निघन-रिची या सीच्या मूळ पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत व्हॉइड सापडणार नाही. फंक्शनचा प्रकार लिहिला नाही की ते पूर्णांक परत देतं असं धरून चालायचे, मग ते काही देत असो वा नसो. व्हॉइड नंतर भाषेत शिरला आणि 1989च्या मानकात पक्का झाला. त्याआधी अल्गॉल 68 या जुन्या भाषेत तो होता.

आणि व्हॉइड पॉइंटर (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारा) हा तर नावाला जागत नाही. तो रिकामा मुळीच नसतो. पत्ता असतो त्याच्याकडे, फक्त त्या पत्त्यावर कोण राहतं ते सांगितलेलं नसतं. मुलाखतीत हमखास विचारतात, आणि 'रिकामा पॉइंटर' असं उत्तर दिलं की पोरगं गेलंच. रिकामा तो नल पॉइंटर. तालुका कोर्ट, तुमची जोडी आमच्याकडे फुटली बरं का, नल वेगळा आणि व्हॉइड वेगळा.

चौथा भिडू

ब्रिज खेळणाऱ्यांनाही विचारा की! हातात एखाद्या रंगाचं एकही पान नसेल तर त्या रंगात व्हॉइड. इथे मात्र रिकामं असणं म्हणजे चंगळ. समोरच्याने चौकटचा एक्का टाकला, तुमच्याकडे चौकट नाहीच, की पहिल्याच हाताला हुकमाची दुरी मारून एक्का खा. बाकी तुमचं चालू द्या.

स्वातीचा थेंब

कायद्याने आणि ब्लॅडरने बराच वेळ घेतला, आता थोडं वर बघू. प्रूफवालीताईंनी 'धाकटा' म्हटलेला जो नामाचा अर्थ, तो खगोलशास्त्रात आता अधिकृत संज्ञा आहे. दीर्घिका, म्हणजे गॅलक्सी, विश्वात सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्या धाग्यांत आणि भिंतींत दाटलेल्या आहेत आणि मधे प्रचंड मोकळे पट्टे, त्यांना व्हॉइड म्हणतात. सगळ्यांत गाजलेला भूतप तारकासमूहाच्या दिशेला आहे. 1981 साली रॉबर्ट कर्शनर आणि सहकाऱ्यांनी तो जाहीर केला. रुंदी साधारण 33 कोटी प्रकाशवर्षं. उन्हाळ्यात रात्री डोक्यावर तांबूस स्वाती दिसते ना, ती याच भूतपातली. अर्थात स्वाती आपल्यापासून 37 प्रकाशवर्षांवर, म्हणजे अगदी दारात, आणि तो व्हॉइड तिच्या मागे कोट्यवधी प्रकाशवर्षं दूर. दिशा एक, एवढाच संबंध.

तोही ठार रिकामा नाही. साठेक दीर्घिका त्यात सापडल्यात. सरासरीने हजारोंनी असायला हव्या होत्या तिथे साठ, म्हणून व्हॉइड. या उलटचं टोक पुण्याच्या लोकांनी शोधलं: 2017 साली आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या मंडळींनी 'सरस्वती' नावाचा दीर्घिकांचा महासमूह जाहीर केला, तो सुमारे 400 कोटी प्रकाशवर्षांवर.

झेरॉक्सकाका

दंडवत सगळ्यांना! वाचनखूण साठवली. रोखपालसाहेब, दोन नमुने काउंटरच्या काचेखाली लावलेत, एक 'कॉपी'चा आणि एक 'व्हॉइड'चा. भिंग शेजारच्या घड्याळजीकडून आणलं, ठिपके खरंच दिसतात! दुपारपासून शाळेची पोरं चेक बघायला येतायत, धंदा शून्य.

एक शेपूट उरलं. ताई, तुम्ही म्हणालात फ्रेंचमध्ये रिकाम्याला 'व्हीद' म्हणतात, तर त्याचं स्पेलिंग काय? कारण कचेरीतून येणाऱ्या पत्रांत 'व्हिडी लेटर नंबर अमुक' असं असतं, व्ही-आय-डी-ई. अव्वल कारकून त्याला 'विदे' म्हणतात, शिपाई 'वाइड'. ते पण रिकामंच का?

प्रूफवाली

स्पेलिंग तेच, व्ही-आय-डी-ई, पण गोत्र वेगळं. पत्रातला तो लॅटिन 'विदेरे'चा आज्ञार्थ, 'बघा'. व्हिडिओ, व्हिजन, व्हिसा त्याच्या घरचे, आणि आपला 'वेद', 'विद्या'ही त्याच मुळाचे. 'विदे पत्र क्रमांक' म्हणजे 'पत्र क्रमांक अमुक पाहा', मराठी टिपणीत 'संदर्भ' लिहितात तिथे बसणारा. अव्वल कारकुनांचा उच्चार मूळ लॅटिनच्या सर्वांत जवळ आहे, त्यांना कळवा.

तालुका कोर्ट

कळवू नका. आधीच ते कुणाचं ऐकत नाहीत.